पाचवा हिस्सा

रोममधील लहानशा खानावळीला 'त्रात्तोरिया' म्हणतात. तेथील पदार्थांचे वार परंपरेने ठरलेले आहेत: गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. शुक्रवारी ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी भरपेट जेवण. आणि रविवारच्या मांसासाठी जनावरे कापली जात, तेव्हा शनिवारी वजडी ताजी मिळे.

या वजडीमागे श्रमिकांचा इतिहास आहे. तेस्ताच्चो भागात १८८८ ते १८९१ या काळात शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला. जनावराचे चार हिस्से अनुक्रमे उमराव, धर्मगुरू, सधन नागरिक व सैनिक यांचे, अशी रोमची जुनी सांगी आहे. उरलेली शेपटी, आतडी व वजडी म्हणजे 'पाचवा हिस्सा'. तो कामगारांना मजुरीपोटी मिळे. शेजारच्या खानावळींत ती शेपटी टोमॅटो व सेलरी घालून तासन्‌तास मंद आचेवर शिजे आणि थकलेली माणसे एका मेजावर वाटून खात.

कत्तलखाना १९७५ साली बंद झाला. गरिबांचे ते अन्न आज प्रवासी आवडीने, दाम मोजून खातात. दुसरा हिस्सा धर्मगुरूंचा होता, हे वाचताना माझी मान खाली जाते. प्रभूच्या मेजावर भाकर सर्वांना सारखीच मिळते. आपल्या घरच्या मेजवानीत पाचवा हिस्सा कोणाच्या पानात पडतो?