हॅनोव्हरहून मागविलेला लेख

आल्बर्ट आइन्स्टाईन हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. इस्राएलच्या जुन्या पाच लिरांच्या नोटेवर त्यांची छबी होती, ती अनेकांना आठवत असेल. पण गुरुत्वाकर्षणावरील त्यांच्या विचाराला जर्मनीतील हॅनोव्हर शहराने निमित्त दिले, ही हकीकत आम्हांस येथे सांगावीशी वाटते.

१९०७ साली योहान्नेस श्टार्क हे हॅनोव्हरच्या तंत्रविद्यालयात होते व एका शास्त्रीय वार्षिकाचे संपादन करीत. सापेक्षतेचा आढावा लिहून द्यावा, अशी विनंती त्यांनी बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाईनना केली. आइन्स्टाईननी होकार कळविला. मात्र आपल्या फुरसतीच्या वेळी ग्रंथालय बंद असते, म्हणून सगळे लेखन पाहणे जमणार नाही, असेही लिहिले!

हा आढावा तयार करताना एक अडचण पुढे आली. १९०५ च्या विशेष सापेक्षतेप्रमाणे कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोचू शकत नाही. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण मात्र तत्क्षणी पोचते. दोहोंचा मेळ कसा घालावा? तेव्हा आइन्स्टाईनना सुचले की, छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडत असेतोवर आपले वजन जाणवत नाही. लिफ्ट वर निघताना आपण क्षणभर जड होतो, खाली निघताना हलके होतो, हा अनुभव तर मुलांनाही आहे. म्हणजे बंद खोलीत बसलेल्यास गुरुत्व कोणते व वाढता वेग कोणता, हे ओळखता येणार नाही. त्यावरून लेखाच्या अखेरच्या भागात दोन अनुमाने निघाली: गुरुत्व अधिक तेथे घड्याळ मंद चालते आणि प्रकाशकिरण वाकतो. पूर्ण सिद्धांत व्हायला मात्र १९१५ उजाडले.

हेच श्टार्क पुढे हिटलरचे कट्टर अनुयायी झाले आणि सापेक्षतेला ‘ज्यू भौतिकी’ म्हणून हिणवू लागले. १९३७ साली एस.एस.च्या मुखपत्राने हायझेनबर्गसारख्या ख्रिस्ती शास्त्रज्ञालाही ‘गोरा ज्यू’ ठरविले, त्यातही श्टार्कचा हात होता. हा मनुष्य अडाणी असता तर नवल नव्हते. त्याला तर नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि तो लेख त्यानेच मागवून छापला होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये हॅनोव्हरचे मोठे सिनेगॉग जाळण्यात आले.

आज त्याच शहरात आइन्स्टाईनच्या नावाची गुरुत्वसंशोधन संस्था आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो यंत्रांनी टिपलेली पहिली गुरुत्वलहर प्रथम दृष्टीस पडली ती येथील मार्को द्रागो या तरुणाच्या. असे संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षे आधीपासून काम केले होते. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळ असेच यंत्र बसविण्यास भारत सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. त्याची प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब असेल.