पेरूच्या वडीचा इतिहास



इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु राजसत्ता गेली तरी तिच्या काळाच्या खुणा लोकांच्या स्वयंपाकघरांत मागें राहतात. गोमंतकांतील 'पेराद' ही अशीच एक खूण. नाताळच्या फराळांतील ही तांबूस, चिवट वडी पेरूच्या गराची असते.

तिचें कूळ पोर्तुगालांतलें. आपल्याकडील हकीम ज्यास बिही म्हणतात, त्या तुरट फळाचें पोर्तुगीज नांव 'मार्मेलो'. त्याचा गर साखरेंत आटवून केलेली वडी ती 'मार्मेलादा'. इंग्रजांचा मार्मलेड हा शब्द त्यावरूनच आला. तद्वत् 'पेरा' म्हणजे नासपती, आणि तिची वडी ती 'पेरादा'.

इ. स. १५१० मध्यें आल्बुकर्कनें गोवें घेतलें. पोर्तुगीजांबरोबर ही रीत आली, परंतु थंड हवेचीं तीं फळें येथें रुजण्याजोगीं नव्हतीं. अमेरिकेच्या उष्ण भागांतलें एक फळ मात्र समुद्रमार्गें येऊन येथें चांगलेंच रुजलें. गोव्यांतील पोर्तुगीजांनीं त्यास आपल्या ओळखीच्या 'पेरा'चें नांव दिलें. कोंकणींत तें 'पेर' झालें, मराठींत 'पेरू'. हें नांव पेरू देशावरून पडलें, अशी पुष्कळांची समजूत असते. पण तें आलें नासपतीवरून. उलट ब्राझीलांत याच पोर्तुगीजांनीं फळाचें अमेरिकन नांव घेतलें आणि वडीस 'गोयाबादा' म्हटलें.

फळ बदललें तरी वडी साधली, याचें कारण पेक्टिन. बिहीप्रमाणें पेरूंतही तें विपुल असतें, आणि साखर व आंबटपणा यांच्या योगानें गर घट्ट धरतें. या द्रव्याचें नामकरण ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञानें १८२५ सालीं केलें. गृहिणींच्या हातांना तो गुण कित्येक पिढ्या आधींच ठाऊक होता. पेरू उकडून चाळणीवर घासावयाचे, म्हणजे बिया निघतात. गरांत सुमारें तितकीच साखर व थोडा लिंबाचा रस घालून मंद आंचेवर अखंड ढवळावयाचें. गोळा कढईच्या कडा सोडूं लागला कीं लोणी लावलेल्या फळीवर थापून वड्या कापावयाच्या. आपल्या कोंकणांतील आंबापोळी व फणसपोळी यांत हेंच काम ऊन करतें.

ज्या सत्तेनें १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन बसविलें, तिच्या जुलमाचा हिशेब इतिहासानें मांडलाच पाहिजे. १९६१ च्या डिसेंबरांत ती सत्ता गेली. मग पेरादही परकी म्हणून टाकावी काय? तिचें फळ अमेरिकेचें, रीत पोर्तुगालची, नांव नासपतीचें. पण साडेचारशें वर्षांच्या त्या अमदानींत कढईपाशीं उभ्या राहिल्या त्या गोमंतकाच्याच आयाबहिणी. त्यांच्या श्रमानें ती आपली झाली. बाजारांत 'पेरू कसे दिले?' असें विचारतांना आपण सारेच हा इतिहास बोलत असतों.