कोवळ्या गुन्हेगाराला मोठ्यांचा तुरुंग? एक उत्तरपक्ष

भोपाळमध्ये बालगुन्हेगारीचा विषय निघाला की एकच सूर लागतो: कायदा फार मऊ आहे. हा सूर केवळ चौकातला नाही. 4 डिसेंबर 2017 रोजी अरेरा टेकडीवरच्या विधानसभेने बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा देणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा हीच भावना सभागृहात पोचली होती. सप्टेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेही अल्पवयीन गुन्हेगारांना फारच सौम्य वागवले जाते, अशी खंत नोंदवली. एवढ्या अधिकाराने मांडलेल्या मताला उत्तर द्यायचे, तर आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

तो असा. आजचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अजाण नाही. आपल्याला फार तर तीन वर्षांची शिक्षा, हे त्याला पक्के ठाऊक असते. टोळ्याही म्हणूनच त्याला पुढे करतात. चिमुरडीवर अत्याचार करणाऱ्याचे वय मोजत बसणे म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय. तेव्हा अशांना मोठ्यांच्याच तुरुंगात धाडावे.

यातला संताप खरा आहे. निष्कर्ष टिकत नाही.

पहिला मुद्दा तीन वर्षांचा. 2015 च्या बाल न्याय कायद्याने ही मर्यादा निर्घृण गुन्ह्यांपुरती केव्हाच मोडली. सोळा वर्षांवरील मुलाची प्राथमिक पडताळणी करून बाल न्याय मंडळ त्याचा खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते, आणि तिथे त्याला सज्ञानासारखी शिक्षा होऊ शकते. एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित स्थळी ठेवायचे, मग तो सुधारला की नाही हे तपासायचे, आणि नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. इंदूरच्या ज्या प्रकरणात ही खंत व्यक्त झाली, त्यातल्या मुलाला याच कायद्याखाली दहा वर्षांची शिक्षा झालेली होती. तो पळाला बालगुन्हेगारांच्या विशेष गृहातून. मग ढिलाई कुठे होती, कायद्यात की पहाऱ्यात?

दुसरा मुद्दा आकड्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींत 2016 साली अल्पवयीन आरोपींविरुद्ध 35,849 गुन्हे होते. 2022 मध्ये 30,555. त्या वर्षी देशातले एकूण दखलपात्र गुन्हे 58 लाखांवर होते. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र बालगुन्ह्यांच्या यादीत वर असतात, हे लपवण्याचे कारण नाही. पण घट झाली ती 2015 च्या कडक तरतुदींमुळे, असे म्हणाल तर कायदा मऊ असल्याची तक्रार सोडावी लागेल. तरतुदींशी तिचा संबंध नाही म्हणाल, तर आणखी कडक करून काय साधणार?

तिसरा मुद्दा तुरुंगाच्या गुणाचा. अमेरिकेने हा प्रयोग आपल्या आधी, आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर केला. तिथल्या सार्वजनिक आरोग्यविषयक तज्ज्ञ गटाने 2007 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. मोठ्यांच्या न्यायव्यवस्थेत ढकललेली मुले पुढे अधिक हिंसक गुन्हे करतात, असे आढळले. कारण गूढ नाही. बराकीत कोवळ्या पोराला संगत मिळते ती मुरलेल्यांची. शाळा सुटते, घर तुटते. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर देश पेटलेला असताना नेमलेल्या समितीनेही वयोमर्यादा खाली आणण्याची शिफारस केली नाही. तिचे अध्यक्ष न्या. जे. एस. वर्मा मूळचे मध्य प्रदेशातल्याच सतन्याचे. त्यांना पीडितेची कणव नव्हती, असे कोण म्हणेल?

चौथा मुद्दा सर्वांत जड आहे. पुण्यात ऑगस्ट 1994 मध्ये एका घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. एका आरोपीला सज्ञान समजून फाशी ठोठावली गेली. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेचे दाखले पुढे आले. त्यांत त्याचे नावही वेगळे होते. 27 मार्च 2023 रोजी न्यायालयाने मान्य केले, की घटनेवेळी त्याचे वय होते 12 वर्षे 6 महिने. तोवर त्याने 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. गुन्हा अघोर होता, यात वाद नाही. पण त्या काळच्या कायद्यानुसारही ज्याला फाशी देता येत नव्हती, अशा मुलाला आपण फासाच्या दारात नेऊन उभे केले होते. हा कायदा मऊ म्हणायचा?

मग पीडितेला न्याय कसा मिळणार? तपास चोख करून, खटला वेगाने चालवून, विशेष गृहांवर जागता पहारा ठेवून, तिथे समुपदेशक आणि शिक्षक नेमून. 1986 मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन मुलांची पाहणी करायला सांगितले होते. 2018 मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात त्याच न्यायालयाला बाल न्याय मंडळांतली रिक्त पदे भरण्याचे आदेश द्यावे लागले. कलमे वाढवायला एक अधिवेशन पुरते. पदे भरायला पैसा आणि चिकाटी लागते. म्हणून आपण कलमांवर भांडतो.

आता निवाडा वाचकांचा. सतरा वर्षांच्या मुलाला दहा वर्षे कोंडले, तरी सत्ताविसाव्या वर्षी तो आपल्याच वस्तीत परतणार आहे. त्याला बराकीत धाडा म्हणणाऱ्यांनी एवढेच सिद्ध करावे, की तिथून तो आपल्या मुलींसाठी कमी धोकादायक होऊन बाहेर पडतो. हा पुरावा त्यांनी आजवर दिलेला नाही.