वाशिम जिल्हा आणि एसक्यूएलची परीक्षा

एसक्यूएलच्या सर्टिफिकेशनला पहिल्यांदा बसणारा माणूस बहुधा प्रश्नसंच घोकत बसतो. माझं म्हणणं, आधी एखादा जिल्हा घ्या. मी वाशिम घेतो.

इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात हा स्वतंत्र जिल्हा होता. वाशिम, मंगरूळ आणि पुसद हे तालुके. १९०५ साली तो मोडला. पहिले दोन अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा झाला, आता सहा तालुक्यांचा.

१९६० च्या दशकातल्या आयएमएससारख्या डेटाबेसमध्ये माहिती झाडासारखी असे. जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली गाव. प्रोग्रामला फांद्यांवरून चढत-उतरत जावं लागे. फांदी हलली की प्रोग्रामही बदला! १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी सुचवलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ती आत कशी साठवलीय याची चिंता वापरणाऱ्याला नको. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी 'सीक्वेल' भाषा मांडली. ट्रेडमार्कच्या भानगडीत तिचं नाव एसक्यूएल झालं आणि १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाणित झाली.

आता तक्ता करा: तालुका, जिल्हा, कधीपासून, कधीपर्यंत. वाशिम तालुक्याची एक ओळ अकोल्याची, १९०५ ते १९९८. दुसरी वाशिमची, १९९८ पासून. शेवटचा रकाना रिकामा, म्हणजे नल. 'कधीपर्यंत' आजच्या पुढे असलेल्या ओळी मागा. चालू ओळच गायब! नलशी तुलना केली की उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, 'माहीत नाही' असं येतं, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतो. तिथे 'इज नल' वेगळं लिहावं लागतं.

पुढचा खड्डा जॉइनचा. मालेगाव तालुका नाशिकमध्येही आहे, कारंजा वर्ध्यातही. नुसत्या नावावर तक्ते जोडलेत तर नाशिकचे आकडे वाशिमला चिकटतात. प्रायमरी की लागते ती यासाठी.

परीक्षेत याने एखादा मार्क जाईल. पण अशीच क्वेरी अनुदानाच्या यादीवर चालली तर अख्खा तालुका बाहेर राहील, आणि स्क्रीनवर एररसुद्धा दिसणार नाही. रांगेत उभ्या शेतकऱ्याला मात्र 'तुमचं नाव सिस्टिममध्ये नाही' एवढंच ऐकायला मिळेल.

तेव्हा या वीकेंडला प्रश्नसंच बाजूला ठेवा आणि आपापल्या जिल्ह्याचा तक्ता करून बघा.