हिरडा, बेहडा, अर्जुन : एक वृक्षप्रजाती आणि जैन औषधपरंपरा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रावकाच्या कर्तव्यांत सांगितली आहेत. त्यांपैकी औषधदानाचा विचार करताना जैनाचार्यांसमोर एक कठीण प्रश्न सतत उभा होता. रुग्णाचे दुःख हरण करणे हा धर्म आहे. परंतु ज्या द्रव्याने ते हरण करावयाचे, ते मिळविताना अन्य जीवांस किती पीडा होते? मांस, मद्य आणि मध ही तिन्ही द्रव्ये प्राचीन वैद्यकात सर्रास वापरली जात. त्यांचा त्याग करूनही रोगनिवारण होऊ शकते, हे जैन वैद्यांना केवळ श्रद्धेच्या बळावर नव्हे, तर चिकित्सेने सिद्ध करून दाखवावे लागले. या प्रयत्नाचा इतिहास एका वृक्षप्रजातीच्या आधारे चांगला समजून घेता येतो. ती प्रजाती म्हणजे हिरडा, बेहडा आणि अर्जुन या वृक्षांची.

प्रजातीचा परिचय

वनस्पतिशास्त्रात या वृक्षांच्या प्रजातीस ‘टर्मिनालिया’ असे नाव आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७६७ साली हे नाव दिले. लॅटिन भाषेतील ‘शेवट’ या अर्थाच्या शब्दावरून ते आले असून, फांदीच्या टोकाशी पानांचे झुबके येतात या लक्षणाकडे त्याचा निर्देश आहे. उष्ण प्रदेशांत या प्रजातीच्या सुमारे दोनशे जाती आढळतात. सह्याद्रीतील ऐन आणि किंजळ हे ओळखीचे वृक्ष, तसेच रस्त्याकडेला सावलीसाठी लावला जाणारा देशी बदाम हेही याच प्रजातीतील होत. यांची फुले बारीक, फिकट पिवळसर असून तुऱ्यांत येतात. त्यांना पाकळ्या नसतात. फुलांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. या वृक्षांची कीर्ती आहे ती फळांमुळे आणि सालीमुळे.

हिरड्याच्या वाळलेल्या फळावर सामान्यतः पाच कंगोरे दिसतात. बेहड्याचे फळ गोलसर व मखमली लव असलेले असते. या दोन फळांना आवळ्याची जोड दिली की त्रिफळा होतो. आवळा मात्र वेगळ्या कुलातील आहे. अर्जुन हा नदीकाठी वाढणारा, गुळगुळीत करड्या सालीचा उंच वृक्ष. त्याची साल हृदयरोगावर वापरण्याची परंपरा वाग्भट आणि चक्रदत्त यांच्या ग्रंथांपासून चालत आली आहे. हिरड्याचे स्थान त्याहूनही मोठे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच ‘अभयामलकीय’ रसायनपादाने होतो आणि त्यातील ‘अभया’ म्हणजेच हिरडा. चार दानांपैकी अभयदानाशी या नावाचे साम्य श्रावकाच्या मनाला सहज जाणवण्यासारखे आहे.

आगमांतील वृक्षविचार

जैन आगमांमध्ये वनस्पतींचा विचार अतिशय बारकाईने झाला आहे. आर्य श्याम यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या प्रज्ञापनासूत्राच्या पहिल्या पदात वृक्षांचे दोन वर्ग केले आहेत : एका बीजाच्या फळांचे वृक्ष आणि अनेक बीजांच्या फळांचे वृक्ष. पहिल्या वर्गाच्या यादीत आंबा, जांभूळ, कडुनिंब यांच्यासमवेत बेहडा आणि हिरडा यांची नावे येतात. आवळा अनेकबीज वर्गात येतो. आजच्या वनस्पतिशास्त्राशी ही विभागणी जुळते. हिरड्याच्या आणि बेहड्याच्या फळात एकच बी असते, तर आवळ्याच्या आठळीत अनेक बिया असतात.

याहून महत्त्वाचे असे की, त्या सूत्रात वृक्षाच्या प्रत्येक अंगाचा वेगळा विचार आहे. एकबीज वृक्षांचे मूळ, खोड, साल, फांद्या यांत असंख्यात जीव. पानात प्रत्येकी एक जीव. फुलांत अनेक जीव. आणि फळ एका बीजाचे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे एकाच वृक्षापासून औषध घेतानाही मूळ उपटणे, साल सोलणे आणि पिकून गळलेले फळ उचलणे या तीन कृती समान ठरत नाहीत. औषधी द्रव्यांच्या निवडीत जैन परंपरेने जो विवेक दाखविला, त्याचे बीज या सूक्ष्म दृष्टीत आहे. हिरडा आणि बेहडा यांचे औषधी अंग मुख्यतः फळ असल्याने ही द्रव्ये जैन आचाराला विशेष अनुकूल ठरली.

आचारातील स्थान

साधूंच्या आणि श्रावकांच्या नित्य आचारातही हिरड्याने प्रवेश केला. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्यात हिरडा किंवा लवंग यांचे चूर्ण घालून त्याचा वर्ण, रस, गंध पालटला म्हणजे ते दोन प्रहरांपर्यंत प्रासुक मानले जाते. श्वेतांबर परंपरेतही उकळलेल्या पाण्याबरोबर त्रिफळ्याच्या पाण्याचा प्रघात आहे. तसेच ज्यांनी भूक भागत नाही आणि ज्यांचा स्वाद सुखावह नाही, अशा ‘अणाहारी’ वस्तूंच्या यादीत हिरडा, बेहडा, कडुनिंब, किराईत यांसारख्या द्रव्यांची गणना होते. चौविहाराचे पच्चक्खाण असताना प्रकृती बिघडली तर अशा द्रव्यांची सवलत आहे. व्रतही राखावे आणि शरीरालाही अकारण क्लेश होऊ नयेत, असा समतोल या व्यवस्थेत दिसतो.

कल्याणकारक आणि सोलापूर

जैन परंपरेनुसार वैद्यकाचा उगम चौदा पूर्वांपैकी बाराव्या ‘प्राणावाय’ पूर्वात आहे. ते पूर्व आज उपलब्ध नाही. परंतु त्या परंपरेचा वारसा सांगणारा एक संपूर्ण ग्रंथ सुदैवाने टिकून राहिला. तो म्हणजे उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’. श्रीनंदी हे त्यांचे गुरू. ग्रंथरचना रामगिरी येथील जिनालयात झाली, असे ग्रंथकार सांगतात. विजयनगरमजवळील रामतीर्थम् हेच ते स्थान, असे अनेक विद्वानांचे मत आहे.

हा ग्रंथ मद्य, मांस आणि मध यांना औषधातून वगळतो. वनस्पती आणि खनिजे यांच्या साह्याने चिकित्सेची सर्व अंगे त्यात मांडली आहेत. ग्रंथाच्या शेवटी ‘हिताहित’ नावाचा अध्याय जोडलेला आहे. मांस हे औषध म्हणून आवश्यक नाही, हे प्रतिपादन उग्रादित्यांनी नृपतुंग राजाच्या सभेत वैद्यांसमोर व विद्वानांसमोर केले, असा त्याचा संदर्भ आहे. हा नृपतुंग म्हणजे नवव्या शतकातील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, असे सामान्यतः मानले जाते. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कर्नाटकातील मळखेड. महाराष्ट्राचा मोठा भूभाग त्याच्या राज्यात होता आणि आचार्य जिनसेनांविषयी त्याला परम आदर होता. राजसभेत, प्रतिपक्षाच्या वैद्यांना सामोरे जाऊन अहिंसेची बाजू चिकित्साशास्त्राच्या भाषेत मांडली गेली, ही घटना जैन इतिहासात अभिमानाने नोंदविण्यासारखी आहे.

शतकानुशतके हस्तलिखितांत राहिलेला हा ग्रंथ महाराष्ट्रातूनच प्रकाशात आला. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादन आणि हिंदी अनुवाद करून तो सिद्ध केला, आणि सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने १९४० साली तो प्रसिद्ध केला. सोलापूरच्या श्रावकांनी केलेले हे शास्त्रदान औषधदानाइतकेच मोलाचे म्हटले पाहिजे. पुढील काळातही वैद्यकाची ही उपासना खंडित झाली नाही. हर्षकीर्तिसूरींचा ‘योगचिंतामणी’ हा ग्रंथ वैद्यांमध्ये लोकप्रिय झाला, आणि राजस्थान-गुजरातेतील यतींनी गावोगावी वैद्यकी केली.

एकच वृक्ष, दोन वाटा

या प्रजातीच्या इतिहासाला दुसरीही बाजू आहे आणि ती दृष्टिआड करून चालणार नाही. बेहड्याच्या बिया वैदिक काळात द्यूताचे फासे म्हणून वापरल्या जात. ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तात त्यांचा उल्लेख आहे. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते, हे सर्वश्रुत आहे. हिरड्यात तुरट द्रव्य विपुल असते. त्यामुळे हे फळ कातडी कमावण्यासाठी उपयोगी पडते, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून त्याची मोठी निर्यात त्यासाठीच होत असे. अर्जुन आणि ऐन यांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या पोसतात. विदर्भातील भंडारा-गडचिरोली भागात हा व्यवसाय जुना आहे. अखंड धागा मिळावा म्हणून रेशमाच्या कोशातील जीव सामान्यतः मारला जातो, म्हणूनच अनेक जैन कुटुंबे रेशीम वर्ज्य मानतात.

रोग हरणारे फळच चामड्याच्या उद्योगास लागते आणि हृदयाला बळ देणारा मानलेला वृक्षच रेशमाच्या अळ्यांचे अन्न होतो. यात वृक्षाचा दोष नाही. उपयोग करणाऱ्याच्या विवेकावर सर्व अवलंबून आहे.

आजचा विवेक

औषधालाही हाच विवेक लागू होतो. हिरडा ऋतूनुसार सैंधव, साखर, सुंठ, पिंपळी, मध आणि गूळ यांच्याबरोबर घ्यावा, असे शास्त्र सांगते. वसंत ऋतूतील मधाचे अनुपान जैनांना चालत नाही. अगस्त्य हरीतकी या प्रसिद्ध अवलेहातही मध असतो. अभयारिष्ट आणि अर्जुनारिष्ट ही औषधे आंबवून केलेली असल्याने त्यांत मद्यार्काचा अंश आपोआप तयार होतो. व्रतधारकांनी वैद्यांना आपले नियम आधीच सांगावेत. चूर्ण किंवा काढा यांच्या रूपात पर्याय बहुधा उपलब्ध असतो. शास्त्रानेच गर्भवती व अतिशय दुर्बल व्यक्तींना हिरडा वर्ज्य सांगितला आहे. अर्जुनाच्या सालीवर भारतात बरेच संशोधन झाले असले, तरी हृदयविकारात तज्ज्ञ डॉक्टरांच्या उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही. साल काढताना बुंध्याभोवतीचे संपूर्ण कडे सोलले तर वृक्ष मरतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

औषधदानाचा आणखी एक पैलू दुर्लक्षित राहतो. बाजारातील बाळहिरडा पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांच्या डोंगरी भागातील आदिवासी बांधव गोळा करतात. त्यांत महादेव कोळी समाज प्रमुख आहे. उन्हात वाळविलेला हा माल त्यांच्या वार्षिक उत्पन्नाचा मोठा आधार असतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याचे मोठे नुकसान केले, तेव्हा अनेक कुटुंबांची आमदनी बुडाली. धर्मादाय औषधालयासाठी हिरडा खरेदी करताना तो वेचणाऱ्याला योग्य मोल मिळाले किंवा नाही, हे पाहणे हाही अहिंसेचाच भाग होय. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवून केलेले दान निर्मळ राहत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टच्या कार्याचे सिंहावलोकन होत असताना हिरड्याचा हा इतिहास मार्गदर्शक ठरावा. पूर्वाचार्यांनी द्रव्य निवडताना वृक्षाच्या मुळापासून फळापर्यंतच्या जीवांचा हिशेब केला, आणि राजसभेत त्याचे समर्थन करण्याचे धैर्य दाखविले. त्यांच्या वारसदारांनी धर्मस्थानांच्या आवारात चार हिरडे, चार अर्जुन लावावेत, ‘कल्याणकारक’सारखे ग्रंथ ग्रंथालयात ठेवून अभ्यासावेत आणि रुग्णसेवेत साधनशुचितेचा आग्रह धरावा. हिरड्याचे झाड फळाला येण्यास अनेक वर्षे लागतात. लावणाऱ्याला त्याचे फळ मिळेलच असे नाही. परंतु पुढील पिढीतील कोणा रुग्णाला ते मिळेल, आणि त्या दानाला ‘अभया’ हे नाव यथार्थ ठरेल.