मठांतील वाटाणे



‘खाण तशी माती’ असें आपण सहज म्हणतों. परंतु आईबापांत कोठेंहि न दिसणारा गुण किंवा दोष कधीं कधीं मुलांत प्रकट होतो. मग घरांतील मंडळी बुचकळ्यांत पडतात, आणि बोल लागतो तो बहुधा सुनेला. या कोड्याचा उलगडा एका मठाच्या बागेंत झाला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

ग्रेगोर मेंडेल याचा जन्म १८२२ सालीं ऑस्ट्रियन साम्राज्यांतील एका शेतकरी कुटुंबांत झाला. शिक्षणाचा खर्च झेपेना, म्हणून १८४३ सालीं तो ब्रून, म्हणजे आजच्या चेक देशांतील ब्रनो, येथील ऑगस्टीनियन मठांत दाखल झाला. शिक्षकाच्या परीक्षेंत तो १८५० सालीं नापास झाला. व्हिएन्ना विद्यापीठांत अध्ययन करून आल्यावरहि, १८५६ सालीं, ती परीक्षा त्याच्या हातून पार पडली नाहीं. आयुष्यभर परीक्षा घेणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं हें लक्षांत ठेवावें. कारण त्याच वर्षीं त्यानें आपले वाटाण्यावरील प्रयोग आरंभिले.

आईबापांचे गुण दूध-पाण्यासारखे मिसळून जातात, अशी त्या काळची समजूत. मेंडेलनें ती मोजून पारखली. वाटाण्याचें फूल स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून वाण शुद्ध राहतो. पण पुंकेसर खुडून दुसऱ्या झाडाचा पराग हातानें लावतां येतो. त्यानें गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला. पहिल्या पिढींत झाडून सारे दाणे गोल! ते पेरल्यावर आलेल्या पिकांत मात्र त्यानें ७,३२४ दाणे मोजले, त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुती नष्ट झालीच नव्हती. ती एक पिढी दडून बसली होती.

त्यानें अनुमान केलें तें असें: प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. गोल घटक प्रबल, सुरकुतीचा दुर्बल. दोन्ही दुर्बल एकत्र आले तरच सुरकुती दिसते, आणि चार जोड्यांत असा योग एकदांच येतो. हें खरें असेल, तर गोल दिसणाऱ्या तिघांपैकीं दोघांच्या पोटीं सुरकुती असली पाहिजे. त्यानें गोल दाण्यांचीं ५६५ झाडें वाढविलीं. १९३ झाडांना केवळ गोल दाणे आले, ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे. हिशेब जुळला.

१८६५ सालीं त्यानें हें संशोधन ब्रून येथील सभेंत वाचून दाखविलें. पुढल्या वर्षीं तें छापलें गेलें. परंतु म्युनिकच्या नेगेली या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञालाहि त्याचें मोल कळलें नाहीं. १८६८ सालीं मेंडेल मठाधिपति झाला आणि १८८४ सालीं वारला. अखेर १९०० सालीं हॉलंडांत द व्ह्रीज व जर्मनींत कोरेन्स यांनीं हेच नियम मांडले, आणि चौतीस वर्षांपूर्वींचा तो निबंध जगापुढें आला. त्या घटकांस १९०९ सालीं योहान्सेन यानें ‘जीन’ म्हटलें. तेंच आपलें ‘जनुक’.

सगळेच गुण इतके सरळ नाहींत. उंची, वर्ण यांत अनेक जनुकांचा हात असतो. परंतु थॅलेसीमिया आणि विदर्भांत पुष्कळ ठिकाणीं आढळणारा सिकलसेल हे रक्ताचे विकार मात्र सुरकुतीसारखेच वागतात. आईबाप दोघेहि धडधाकट, पण दोघेहि वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याचा संभव चारांत एक. रक्ततपासणीनें हें वाहकत्व विवाहापूर्वींच कळूं शकतें. यास्तव ज्यांच्या घरीं लग्नकार्य योजिलें आहे, त्यांनीं पत्रिकेबरोबर रक्तहि पाहावें. आणि अशा घरीं आजारी मूल जन्मलें, तर एकट्या आईला बोल लावूं नये. तो दुर्बल घटक दोन्ही घरांकडून आलेला असतो, आणि कोणीहि तो जाणूनबुजून दिलेला नसतो.