डाव कुठे संपतो?

आमच्या परभणीकडे वर्तमानपत्रात तिर्रट जुगारावर छापा पडल्याची बातमी अधूनमधून येतेच. तिर्रट म्हणजे तीन पत्ती. पोकर मात्र नव्या पिढीने मोबाइलवरून घरात आणला. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिला रोखीचा. समोरची प्रत्येक चिप म्हणजे खरा पैसा. मनात आले की उठावे, हरलो तर खिशात हात घालून पुन्हा खेळावे. दुसरा स्पर्धेचा. सर्वांनी सारखी फी भरायची, सारख्या चिप्स घ्यायच्या. डावापूर्वी लावायची सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते, त्यामुळे नुसते दबा धरून बसता येत नाही. चिप्स संपल्या की घरी. बक्षीस शेवटपर्यंत टिकणाऱ्या मोजक्यांना.

महाभारतात या दोन्हींची चाहूल लागते. धर्मराजाचे पहिले द्यूत रोखीच्या जातीचे. धन गेले, राज्य गेले, भाऊ गेले, तरी डाव संपेना, कारण पणाला लावायला अजून काही उरले होते. अनुद्यूत मात्र एकाच फाशाचे. हरणाऱ्याने बारा वर्षे वनवास व एक वर्ष अज्ञातवास भोगायचा, हे आधीच ठरलेले. शिक्षा जबर, पण तिला शेवट होता.

पोकरची मोठी स्पर्धा तशी अलीकडची. १९७० साली लास वेगासमध्ये बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत नामवंत खेळाडू जमले, रोखीने खेळले आणि शेवटी चक्क मतदान करून जॉनी मॉसला विजेता ठरवले! १९७१ मध्ये प्रत्येकी पाच हजार डॉलर भरून, एकाकडे सगळ्या चिप्स जाईपर्यंत खेळायचे ठरले. तेव्हाही मॉसच जिंकला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन २५ लाख डॉलर मिळवले, आणि जगभरच्या तरुणांना वाटू लागले की हे आपल्यालाही जमेल.

आपल्याकडे वाद वेगळाच होता. परभणी १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होती, तिथल्या १३०५ फसलीच्या जुगार कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ मध्ये निकाल लागला की रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, तिच्यात कौशल्य मुख्य. पुढे सगळे भांडण कौशल्य की नशीब याच शब्दांवर चालले. माणूस किती हरू शकतो, हा प्रश्न मागेच राहिला.

माझा एक माजी विद्यार्थी म्हणायचा, "सर, मी फक्त स्पर्धा खेळतो. शंभर रुपये फी, त्यापुढे नुकसान नाही." हिशेब बरोबर होता. पण दिवसातून किती स्पर्धा, हे त्याने मोजले नाही. अखेर वडिलांना दोन एकर रान विकावे लागले. फी लहान असली तरी पुन्हा पुन्हा भरता आली की स्पर्धाही रोखीचा खेळच होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात कौशल्य-नशीब हा भेद ठेवलेला नाही. कायदा आपले काम करील. आपल्या घरातल्या पोरांना मात्र एवढेच विचारावे, "बाळा, तुझा डाव संपतो कुठे?"